रानाच्या वेशीवरची शिळा

नीलगडच्या राज्यात राजधानीपासून थोड्या अंतरावर एका डोंगरमाळावर भलेमोठे रान होते. ते आपोआप उगवलेले नव्हते, माणसांनी लावलेले होते. ओळीने उभे असलेले साग, त्यांच्यामागे हिरडा, बेहडा, जांभूळ, आवळा, आणि मधून वाहणारा एक झरा. उन्हाळ्यात लोक तिथे सावलीला जात. पावसाळा सरला की मुलेबाळे घेऊन सहलीला जात. कार्तिकात आवळीखाली जेवणाच्या पंगती बसत आणि जेवून झाले की म्हातारी माणसे तिथेच लवंडत.

हे रान राजा इंद्रसेनाच्या आजोबांनी, अमरकेतू महाराजांनी लावले होते. इंद्रसेनाला त्याचा फार अभिमान. राजा मनाचा चांगला होता, पण आपल्या कुळाची स्तुती ऐकली की तो जरा जास्तच खुलत असे.

एका वर्षी त्याने दोन बेत केले. रानाच्या वेशीवर मोठी शिळा उभारायची आणि तिच्यावर रानाचा इतिहास कोरायचा, म्हणजे सहलीला येणाऱ्यांना तो कळेल. आणि झऱ्याकाठी एक पांढराशुभ्र विलासमहाल बांधायचा, म्हणजे परराज्यातल्या पाहुण्यांना तिथे आरामात राहता येईल. महालाला चुना लागणार होता. चुना भाजायला लाकूड लागणार होते. म्हणून रानाच्या पूर्वेकडच्या झाडांवर तोडण्यासाठी गेरूच्या खुणा करण्यात आल्या.

शिळेवर काय कोरायचे हे ठरवायला राजा रानात आला. बरोबर प्रधान होता, धर्मोजी पाथरवट होता आणि राजाची आत्या चंपावती होती. ती अमरकेतू महाराजांची धाकटी मुलगी; वडिलांना ती आबासाहेब म्हणे. हे रान लावताना पाहिलेले राजघराण्यात तेवढे एकच माणूस उरले होते. वेशीपाशी आल्यावर ती मेण्यातून उतरली.

"इथून पुढे मी चालते," ती म्हणाली. "आबासाहेबांनी या रानात मला कधी मेण्यात बसू दिलं नाही."

धर्मोजीने शिळेवर हात फिरवून विचारले, "महाराज, पहिली ओळ काय कोरू?"

राजाने ती मनात तयारच ठेवली होती. तो म्हणाला, "कोर. 'या उजाड माळावर महाराज अमरकेतू यांनी रान उभे केले.'"

"वाहवा!" प्रधान म्हणाला.

आत्या हळूच म्हणाली, "ओळ खरी आहे. पण माळ उजाड कुणी केला, ते नाही कोरायचं?"

"दुष्काळानं केला असेल, आत्यासाहेब."

"नाही रे बाळा. आबासाहेबांनीच केला."

 आत्या राजाला रानाच्या कडेला घेऊन गेली. तिथे वेलींच्या जाळीत काळ्या पडलेल्या दगडांची मोठमोठी वर्तुळे होती. राजाने ती लहानपणापासून पाहिली होती. जुने गोठे असतील, असे त्याला वाटत आले होते.

"या चुन्याच्या भट्ट्या," आत्या म्हणाली. "या डोंगरावर आधी दाट रान होतं. आबासाहेबांना सात मजली राजवाडा हवा होता. त्याचा चुना भाजायला ते सगळं रान या भट्ट्यांत गेलं. आपण आज राहतो तो राजवाडा तोच. मग झरा आटला. पायथ्याच्या हिवरे गावची माणसं गाड्या भरून निघाली. आबासाहेब त्यांना अडवायला गेले. तेव्हा एक म्हातारी त्यांना म्हणाली, 'राजवाडा झकास झालाय, महाराज. आता तहान लागली की त्याच्याकडं बघत बसू का?'"

"मग?"

"मग काय! आबासाहेब तसेच माघारी फिरले.  पाऊस पडल्यावर रोपं घेऊन इथं आले. पहिली रोपं शेळ्यांनी खाल्ली. दुसरी उन्हानं गेली. हिवऱ्याचं कुणी मदतीला आलं नाही, आणि का यावं? आबासाहेब स्वतः कावड खांद्यावर घेऊन नदीवरून पाणी आणायचे. मी लहान होते. मी म्हणायचे, 'आबासाहेब, नोकर आहेत की.' ते म्हणायचे, 'तोडताना मी नुसता हुकूम दिला होता. लावताना नुसत्या हुकमानं भागत नाही.' त्यांना कावड वाहताना पाहून पुढं हिवऱ्याची माणसं एकेक करून परत आली. त्यांनी झाडं जगवली. झरा पुन्हा वाहिला, तेव्हा आबासाहेब नव्हते."

राजाचा चेहरा उतरला. नंतर त्याला राग आला.

"ही गोष्ट इतकी वर्षं सांगितली नाहीत, आत्यासाहेब. मग आजच का?"

"इतकी वर्षं कुणी अर्धं खरं दगडावर कोरायला निघालं नव्हतं," आत्या म्हणाली.

प्रधान पुढे झाला. त्याने आवाज मऊ केला. "महाराज, लोक इथं मन रमवायला येतात. त्यांना जुनी दुखणी कशाला सांगायची? आपण ठरवलेली ओळ काही खोटी नाही. तेवढीच कोरू."

 राजा एकटाच पूर्वेकडे चालत गेला.

तिथे सागाच्या प्रत्येक खोडावर गेरूची लाल खूण होती. झाडांखाली लाकूडतोडे विसावले होते. त्यांचा नाईक लगबगीने उठला आणि मुजरा करून म्हणाला, "महाराज, हुकूम झाला की कामाला लागतो."

राजाच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच थांबला. तो एका सागाला टेकून बसला. दूर झऱ्याकाठी कुणाची तरी सहल आली होती. तिकडचा हसण्याचा आवाज झाडांमधून येत होता. राजाला वाटले, ही गोष्ट मला आज कळली नसती तर मी हुकूम दिला असता. आजोबांनी दिला तसाच, एका शब्दात. आणि मला ती कळू नये म्हणून कुणी कट केला नव्हता. नुसती कुळाची शोभा जपली होती.

त्याला आणखी एक गोष्ट जाणवली. भट्ट्या लपवल्या तर कावडही लपवावी लागेल. राजा असून हा माणूस खांद्यावर पाणी का वाहत होता, हे मग कुणालाच समजणार नाही.

तो उठला. नाईकाला म्हणाला, "खुणा पुसा आणि घरी जा. तुमची मजुरी बुडणार नाही."

वेशीपाशी येऊन तो धर्मोजीला म्हणाला, "आता लिही. 'या डोंगरावर जुने रान होते. राजवाड्याचा चुना भाजण्यासाठी राजा अमरकेतू याने ते तोडले. झरा आटला, हिवरे गाव उठले. मग त्याच राजाने स्वतः पाणी वाहून येथे झाडे लावली. हिवऱ्याच्या लोकांनी ती जगवली.'"

"महाराज," प्रधान कळवळून म्हणाला, "यात कुळाची शोभा राहत नाही."

"शोभेला राजवाडा आहे. इथं खरं राहू दे."

"आणि विलासमहाल? पाहुणे कुठं बसतील?"

"आवळीखाली. चटया घाला."

कार्तिक आला. शिळा उभी राहिली. लोक नेहमीसारखे सहलीला आले, पण वेशीवर थांबून वाचू लागले. कुणी म्हणाला, "केवढा मूर्ख राजा होता!" कुणी हसले. राजा आत्याला घेऊन जवळच उभा होता. त्याच्या कानापर्यंत शरम चढली. पण त्याने तोंड फिरवले नाही.

तेवढ्यात हिवऱ्याचा एक थकलेला म्हातारा काठी टेकत आला. त्याचे नाव सखाराम बुवा. त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या सुनेने त्याला सगळा मजकूर वाचून दाखवला. शेवटची ओळ त्याने तिला पुन्हा वाचायला लावली.

मग तो राजाकडे वळला. "महाराज, माझी आजी गाडीत बसून हिवऱ्यातून निघाली होती. आमच्या घरात ही गोष्ट दार लावून सांगतात. राजाची निंदा झाली तर काय घ्या, म्हणून!"

"आता दार उघडं ठेवून सांगा, बुवा," राजा म्हणाला.

म्हाताऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. राजघराण्यातले लोक या रानात येत, पण आपला शामियाना वेगळा ठोकत. हिवऱ्याच्या लोकांनी त्यांना कधी जेवायला बोलावले नव्हते. बोलवावेसे वाटलेच नव्हते.

"आमची पंगत तिकडं आवळीखाली मांडलीय," सखाराम बुवा म्हणाला. "भाकरी आहे, भरीत आहे. आत्यासाहेबांना घेऊन या. तुमची जागा धरतो."

राजा आत्याला घेऊन गेला आणि त्यांच्या पंगतीत पत्रावळीवर जेवला.

तात्पर्य: वाडवडिलांची चूक झाकली तर त्यांनी ती कशी निस्तरली तेही झाकले जाते. जो ती मोकळ्या मनाने सांगतो, तोच ती पुन्हा करण्यापासून वाचतो.