बाईंचा निष्कर्ष

“...आणि बाकीचे नमुने? त्यांचं काय केलंस?”

अनसूयाबाईंनी सहज विचारलं. दाराला झेंडूचं तोरण बांधणारी हेमांगी थबकली.

दारावर नवी पाटी होती: अनसूया केळुसकर विज्ञानकक्ष. उद्घाटनाला बाई स्वतः आल्या होत्या. आत बाकांवर शाळेतल्या मुली दाटीवाटीने बसल्या होत्या.

खाडीतल्या तिसऱ्यांवर, त्या शिंपल्यांतल्या जिवांवर, बाईंनी उभा जन्म काम केलं. त्या भागातून संशोधनात गेलेल्या त्या पहिल्याच. हेमांगी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. शाळेत असताना बाईंचं भाषण ऐकून ती या वाटेला लागली, हे ती भेटेल त्याला अभिमानाने सांगायची.

“प्रबंधातून वगळले,” ती म्हणाली.

“का?”

“जुळत नव्हते.”

“कशाशी?”

“...तुमच्या निष्कर्षाशी, बाई.”

पावसाळा सरल्यावर तिसऱ्या अंडी घालतात, हे बाईंनी दाखवून दिलं होतं. खाडीकाठच्या बायका त्यावरूनच तेवढे दिवस तिसऱ्या काढणं बंद ठेवत.

“तुला काय दिसलं?”

“भर उन्हाळ्यात अंड्यांनी भरलेल्या तिसऱ्या. आधी वाटलं, एखाद्याच जागी असेल. पण सगळीकडे तेच.”

“उन्हाळ्यात... म्हणजे बायका टोपल्या भरभरून काढत असतात तेव्हा.”

“हो.”

बाईंनी भिंतीला हात टेकला.

“खाडी रिकामी होत चालली म्हणून त्या माझ्याकडे येऊन रडल्या. मी त्यांना सांगितलं, रेती उपसणाऱ्यांमुळे होतंय.”

हेमांगीने तोरणाचं टोक हातातून सोडलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“गेल्या वर्षापासून. बाई, आत बसल्यात ना, त्या तुमच्याकडे बघून शाळेत टिकल्यात. घरात लग्नाचा विषय निघाला की तुमचं नाव पुढे करतात. मीही तेच केलं होतं. तुमचंच चुकलं म्हटलं, तर त्यांनी कोणाकडे बघायचं?”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. अनोळखी माणसाकडे बघावं तशा.

मग त्या आत गेल्या.

मुली उठून उभ्या राहिल्या. टाळ्या सुरू झाल्या. मुख्याध्यापिका पुष्पगुच्छ घेऊन पुढे आल्या. बाईंनी तो घेतला नाही.

“माझा निष्कर्ष चुकलेला आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या या हेमांगीताईने ते शोधून काढलं. आणि माझं नाव राहावं म्हणून लपवून ठेवलं.”

टाळ्या विरत गेल्या. एकदोन हात उगाच वाजत राहिले, मग तेही थांबले.

हेमांगीने दाराची चौकट घट्ट धरली. बाई असं काही करतील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मुख्याध्यापिका पुष्पगुच्छ धरून तशाच उभ्या होत्या. खिडकीजवळची एक मुलगी मुसमुसू लागली, आणि तिला गप्प करावं हेही कोणाला सुचेना.



मग मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी तिसऱ्यांवरच चूल पेटायची.

“बाई, मग माझ्या आईने तिसऱ्या काढायच्या कधी?”

सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

बाईंनी फळ्याखालचा खडू उचलला. चालत दारापर्यंत आल्या. हेमांगीची चौकटीवरची बोटं सोडवून त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

परत गेल्या, आणि त्या मुलीला जरा सरकायला सांगून तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

हेमांगी फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मलाही माहीत नाही,” अनसूयाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा, बाई.”