टिंगू सुराचा आवाज

एक होता सूर. केवढा? मुगाच्या दाण्याएवढा. त्याचं नाव टिंगू.

टिंगू राहायचा कुठे? केतकीच्या कीबोर्डात. वाजवायच्या कीबोर्डात, बरं का. अगदी शेवटच्या पांढऱ्या पट्टीखाली.

या कीबोर्डाला स्वतःचा आवाज नव्हता. केतकी पट्टी दाबायची. सूर वायरीतून पळायचा, सुर्रर्र. कॉम्प्युटरच्या पोटात शिरायचा. आणि तिथून वाजायचा, टिंग.

केतकीने एक धून केली होती. तुं तुं, तुं तुं, टिंग. शेवटचा टिंग म्हणजे आपला टिंगू.

धून कोणासाठी? बाबांसाठी. बाबा होते बोटीवर. बोट लांब समुद्रात. समुद्रात फोन लागत नाही. बंदरात लागतो. आज बोट बंदराला लागणार होती. आज बाबा धून ऐकणार होते.

केतकीने पट्टी दाबली. टक. आवाज नाही.

पुन्हा दाबली. टक टक. आवाज नाही.

कॉम्प्युटर बंद केला. चालू केला. पट्टी दाबली. टक. तरी आवाज नाही.

केतकीला रडू आलं. ती टेबलाखाली जाऊन बसली. गुडघ्यात डोकं घालून बसली. आई होती मागच्या अंगणात, कपडे वाळत घालत. तिला काहीच कळलं नाही.

टिंगूला फार वाईट वाटलं. त्याचा आवाज हरवला होता. बाबांनी फोन केला तर? धून ऐकायची राहिली तर?

टिंगू पट्टीखालून बाहेर आला. आणि निघाला, टुणुक टुणुक.

टुणुक टुणुक, कॉम्प्युटरकडे गेला.

"कॉम्प्युटरकाका, कॉम्प्युटरकाका, ऐका ना. मी वाजू कसा?"

कॉम्प्युटर म्हणाला, "घुं घुं घुं. मला कीबोर्ड दिसतच नाही. वायर आली तर ऐकीन."

टुणुक टुणुक, टिंगू वायरीकडे गेला. वायर कुठे होती? प्रिंटरच्या मागे. त्या घरात कीबोर्डाला आणि प्रिंटरला मिळून एकच वायर होती. चौकोनी तोंडाची. ज्याचं काम, त्याने न्यायची. काम झालं की परत लावायची. असा त्या घरचा नियम. पण आज कोणीतरी विसरलं होतं.

"वायरताई, वायरताई, ये ना. कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

वायर म्हणाली, "माझं तोंड प्रिंटरात. प्रिंटरने सोडलं तर येईन."

टुणुक टुणुक, टिंगू प्रिंटरकडे गेला.

"प्रिंटरदादा, प्रिंटरदादा, सोड ना. वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

प्रिंटर म्हणाला, "खर्रर्र, खर्रर्र. माझ्या घशात कागद अडकला. कागद निघाला तर सोडीन."

टुणुक टुणुक, टिंगू कागदाकडे गेला. कागदावर होता हत्ती. रंगवायचा हत्ती. सोंड बाहेर, शेपूट आत.

"हत्तीच्या कागदा, हत्तीच्या कागदा, निघ ना. प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

कागद म्हणाला, "ओढलं तर मी फाटेन. झाकण उघडलं तर निघेन."

टुणुक टुणुक, टिंगू झाकणाकडे गेला.

"झाकणबाई, झाकणबाई, उघडा ना. कागद निघेना, प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

झाकणबाई म्हणाल्या, "उघडू कशी? माझ्यावर बोका बसलाय. बोका उतरला तर उघडेन."

खरंच की. झाकणावर बोका. गोल गोल, गुबगुबीत. त्याच्यापुढे टिंगू म्हणजे अगदीच एवढासा. पण टिंगू घाबरला का? छे.

टुणुक टुणुक, टिंगू बोक्याच्या मिशीवर गेला.

"बोकोबा, बोकोबा, उतर ना. झाकण उघडेना, कागद निघेना, प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

बोक्याने एक डोळा उघडला. "म्यॅंव. खाली गार आहे. इथे उबदार आहे. चटईवर ऊन पडलं तर उतरेन."

टुणुक टुणुक, टिंगू उन्हाकडे गेला. ऊन खिडकीबाहेर उभं होतं. पिवळं पिवळं, दुपार कलल्यावरचं.

"उन्हा, उन्हा, चटईवर पड ना. बोका उतरेना, झाकण उघडेना, कागद निघेना, प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

ऊन म्हणालं, "मी तर केव्हाचं इथे उभं आहे. पण आत येऊ कसं? पडदा सरकला तर पडेन."

टुणुक टुणुक, टिंगू पडद्याकडे गेला.

"पडदेबुवा, पडदेबुवा, सरका ना. ऊन पडेना, बोका उतरेना, झाकण उघडेना, कागद निघेना, प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

पडदा म्हणाला, "फड फड. आपला आपण मी सरकत नाही. केतकी उठली तर सरकेन."

आता टिंगू दमला होता. त्याच्या उड्या छोट्या झाल्या होत्या. पण थांबला का? मुळीच नाही. मला तर या टिंगूचं फार कौतुक वाटतं.

टुणुक... टुणुक... टिंगू टेबलाखाली गेला.

"केतकीताई, केतकीताई, ऊठ ना. पडदा सरकेना, ऊन पडेना, बोका उतरेना, झाकण उघडेना, कागद निघेना, प्रिंटर सोडेना, वायर येईना, कॉम्प्युटर ऐकेना. मग मी वाजू कसा?"

केतकीने डोकं वर केलं नाही. ती म्हणाली, "मी नाही उठणार. माझी धून वाजली तर उठेन."

घ्या. आता काय करायचं?

धून वाजली तर केतकी उठणार. आणि केतकी उठली तर धून वाजणार. आता जायचं कोणाकडे? पुढे कोणीच नव्हतं.

टिंगू केतकीच्या गुडघ्यावर बसला. दोघांनाही बाबांची आठवण येत होती.

मग केतकीने नाक पुसलं. आणि तोंडातल्या तोंडात हळूच गुणगुणली,

"हूं हूं, हूं हूं..."

आणि थांबली. शेवटची जागा रिकामी.

टिंगूचे कान टवकारले. ती जागा कोणाची? ती तर त्याची जागा.

टुणुक, गुडघ्यावरून खांद्यावर. टुणुक, खांद्यावरून गालावर. टुणुक, गालावरून थेट केतकीच्या ओठावर.

"टिंग."

केतकीने डोकं वर केलं. ही तर तिची धून. वायर नाही, कॉम्प्युटर नाही, तरी वाजली. तिने पुन्हा म्हणून पाहिली. हूं हूं, हूं हूं, टिंग. पुन्हा वाजली.

केतकी खुदकन हसली.

"वाजली की," ती म्हणाली. आणि बोलल्याप्रमाणे उठली.

मग काय झालं?

केतकी उठली. तिने दोरी ओढली आणि पडदा सरकला, सर्रर्र. पडदा सरकला आणि ऊन चटईवर पडलं. ऊन पडलं आणि बोका उतरला, धप्प. चटईवर जाऊन पाय ताणून झोपला.

बोका उतरला आणि केतकीला दिसली वायर. प्रिंटरच्या मागे.

तिने आईला हाक मारली. आई ओल्या हातांनीच धावत आली.

"अगं बाई," आई म्हणाली, "वायर मीच नेली होती गं. तुझा हत्ती काढायला. कागद अडकला, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आणि मी विसरलेच. चुकलं हो माझं, केतू."

आईने हात पुसले. झाकण उघडलं, खट्. झाकण उघडलं आणि कागद निघाला. हळूच, दोन बोटांनी. सोंड आली, पोट आलं, शेपूटही आलं. कुठे फाटलं नाही. कागद निघाला आणि प्रिंटर म्हणाला, "हुश्श." त्याने वायर सोडली. वायर कीबोर्डाकडे आली. चौकोनी तोंड कीबोर्डात. चपटं तोंड कॉम्प्युटरात.

सगळे थांबले. कॉम्प्युटर गप्पच.

केतकी वाकून बघू लागली. वायर नीट आत गेलीच नव्हती. अर्धी आत, अर्धी बाहेर. केतकीने अंगठा लावला. दाबली. अजून दाबली. कट्.

कॉम्प्युटर म्हणाला, "टडिंग. दिसला, दिसला, कीबोर्ड दिसला."

कॉम्प्युटर ऐकू लागला.

आणि तेवढ्यात फोन वाजला. बाबा. मागे बंदराचा भोंगा, भों.

केतकीने फोन उचलून कीबोर्डाजवळ ठेवला. आणि लगेच पट्ट्या दाबल्या.

तुं तुं, तुं तुं... टिंगू वायरीतून पळाला. सुर्रर्र. दमला होता, तरी पळाला. वायर ओलांडून कॉम्प्युटरात. कॉम्प्युटरातून फोनमध्ये. फोनमधून लांब, लांब, बाबांच्या कानात.

टिंग.

बाबांनी फोन कानाशी घट्ट धरला.

मग बाबा म्हणाले, "केतू, तो शेवटचा सूर आहे ना? तो परत वाजव गं."

शेवटचा सूर. म्हणजे कोण? आपला टिंगू.

केतकीने शेवटची पट्टी दाबली. टिंग. बाबा म्हणाले, "परत." टिंग. बाबा म्हणाले, "अजून एकदा, बाळा." टिंग. बोट सुटायचा भोंगा वाजेपर्यंत टिंगू वाजत राहिला.

फोन झाला. आईने वायर तशीच ठेवली, जागच्या जागी. ऊन चटईवरून निघून गेलं. केतकीने हत्ती रंगवायला घेतला.

आणि टिंगू? टिंगू आपल्या पट्टीखाली शिरला. मुगाच्या दाण्याएवढा सूर, आज समुद्रापर्यंत जाऊन आला होता. तो गाढ झोपला.

टुणुक टुणुक गोष्ट निघाली, दारोदारी फिरून आली, तुझ्या कुशीत येऊन बसली.