हत्तिणीची चाल

चैत्र वद्य षष्ठी, शके १७९४. ऊन रणरणते, वारा अजिबात नाही.

पिंपळकोट संस्थानचे अधिपती त्र्यंबकराव सरकार सकाळपासून तापले होते. दरबारचे कवी अंबादास यांनी राणीसाहेबांच्या डौलदार चालण्याला हत्तिणीच्या चालीची उपमा दिली होती. सरकारांची शब्दार्थाशी दाट मैत्री. भावार्थाशी मात्र कधी ओळखदेख झालेली नव्हती.

"आमच्या राणीला हत्तीण म्हणता? आजपासून राज्यात उपमा, रूपक, अतिशयोक्ती सारे बंद! जे जसे आहे, तसेच बोलायचे. आणि तुम्ही सूर्यास्तापूर्वी हद्दपार!"

अंबादासांच्या तीन पिढ्यांचे घर इथेच होते. तरी हात जोडून ते म्हणाले, "आज्ञा शिरसावंद्य, सरकार. जाण्यापूर्वी नव्या कायद्याप्रमाणे आपली ललकारी तेवढी कानी पडावी."

सरकार खुलले. त्यांनी खूण करताच भालदाराने छाती भरून घेतली. "नरसिंऽह..."

"हे रूपक. सरकारांना आयाळ नाही," अंबादास नम्रपणे म्हणाले.

"सूर्यासारखे तेजस्वी..."

"ही उपमा, बाबा."

"त्रैलोक्यात ज्यांची कीर्ती..."

"अतिशयोक्ती. नदीपलीकडचा पाटीलसुद्धा सरकारांना ओळखत नाही."

भालदाराने घाम पुसला, उरलेसुरले शब्द गोळा केले आणि तो ओरडला, "सात गावांचे त्र्यंबकराव बसलेत होऽऽ!"

दरबारात कोणी खोकले, कोणी पागोटे सावरले. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेबांना हसू आवरेना.

कायदा दुपारच्या जेवणाआधी रद्द झाला. अंबादास पिंपळकोटातच राहिले. संध्याकाळी भालदाराने पूर्ण ललकारी दिली आणि कवितेतली हत्तीण होती तिथेच राहिली.