चाळीस घड्यांचं घराणं

“पुढच्या वर्षी चार हजार घडे! चव अगदी हीच हवी. तोवर तुझी मुलगी आमच्या गडावर राहील!”

महाराज उग्रदत्तांनी मद्याचा रिकामा प्याला ठेवला आणि मिशा पुसल्या. समोरच्या म्हाताऱ्या ग्रीक फिलोनला त्या बोलण्यातलं एक अक्षर कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या नागी कोळणीला मात्र सगळं कळलं. बंदरावर जहाजांतून घडे उतरवता उतरवता ती ग्रीक बोली शिकली होती, म्हणून आज तिला दुभाषी म्हणून दरबारात आणलं होतं.

तिने हुकूम सांगितला, तसा फिलोन कळवळून म्हणाला,

“बेटावर आमची एक एवढीशी टेकडी! घरचे सगळे मिळून राबतो, तेव्हा वर्षाला चाळीस घडे मद्य होतं. चार हजार कुठून आणू?”

“सोपं आहे!” नागीने ते मराठीत सांगताच प्रधान पुढे सरसावले. “एका घड्यात नव्व्याण्णव घडे पाणी घालायचं!”

“वा, प्रधानजी! आणि एवढ्या अकलेवर तुम्ही वीस वर्षं राज्य चालवलंत!” महाराज म्हणाले.

प्रधानांना ती स्तुती वाटली. त्यांनी लवून मुजरा केला.

मुलगी मिर्तो बापाचा हात घट्ट धरून उभी होती. नागीला ते बघवेना.

“महाराज, उद्यापर्यंत मुदत द्या. उपाय मी सांगते.”

“आणि नाही सांगितलास तर?”

“तर मलाही गडावर ठेवा. पोरीला ग्रीक बोलायला कोणीतरी हवंच.”

महाराजांना उत्तर आवडलं. मुदत मिळाली.

किनाऱ्यावर येऊन नागीने बापलेकींना होडीच्या सावलीत बसवलं. “आता सांगा, हे मद्य होतं कसं?”

“वारा फार, म्हणून वेली टोपलीसारख्या गोल वळवून जमिनीलगत ठेवतो,” फिलोन म्हणाला. “मग मी म्हणतो, द्राक्षं आज तोडू. बायको म्हणते, अजून चार दिवस थांबा. आई एक बी दाताखाली फोडते आणि म्हणते, दोघंही मूर्ख! धाकटा भाऊ माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही, पण द्राक्षं तुडवायला न बोलावता येतो. मी पाइनचा डिंक घालतो...”

“जास्त घालतात!” मिर्तो उसळली.

“कमी घातला तर समुद्रावर टिकेल का?”

“टिकेल! पण तुम्ही ऐकाल तर ना!”

दोघांची अशी जुंपली, की गड, राजा, चार हजार घडे, सगळं विसरली. नागी पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात ताठ उभी राहिली. “महाराज, चार हजार घडे मिळतील. फक्त एक वस्तू शंभरपट लागेल.”

“जमीन? दिली! माणसं? दिली!”

“तसं नाही, महाराज. भांडणं लागतील.”

दरबार चपापला.

“यांच्या घरात द्राक्षं कधी तोडायची, किती तुडवायची, डिंक किती घालायचा, सगळ्यावर भांडण होतं. कोणी कोणाची चूक खपवून घेत नाही. म्हणून ही चव! एका घराच्या भांडणातून चाळीस घडे. चार हजारांना अशी शंभर घरं लागतील.”

महाराज मांडीवर थाप मारून ओरडले, “अगं, एवढंच ना? आमच्या दरबारात शंभर जण बसलेत! सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत भांडतात!”

“भांडतात खरे, महाराज,” नागी हात जोडून म्हणाली. “पण यांच्या भांडणातून वर्षाला किती घडे निघतात?”

प्रधान छताकडे पाहू लागले. सेनापती तलवारीची मूठ पुसू लागले.

आणि महाराजांचं पोट हललं! मग खांदे हलले, मग मुकुट डोळ्यांवर घसरला, तरी हसू थांबेना.

“एक थेंबही नाही! वीस वर्षांत एक थेंबही नाही!”

मिर्तो तिथल्या तिथे सुटली. फिलोनला हुकूम झाला, की जेवढे होतील तेवढेच घडे आणावेत. नागीला नवी कोरी होडी मिळाली, आणि महाराजांनी ग्रीक मद्याचा प्याला स्वतःच्या हाताने भरून तिच्यापुढे धरला.

“घे! कसं आहे?”

नागीने एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली, आणि फिलोनकडे वळून ग्रीकमध्ये म्हणाली,

“पोरीचं खरं आहे. डिंक जास्त झालाय!”