ठकीच्या सड्यावरची आमरी

वाडीच्या वर काळ्या कातळाचा सडा दिसतो ना, त्याच्या मधोमध दगडांचं एक कडं आहे. आतल्या वीतभर मातीत पावसाळ्यात पांढरी आमरी फुलते. फूल नाजूक, पण कंद महाचिवट. थंडी पडो, कातळ तापो, जमिनीत दम धरून राहतो. कड्याच्या आत पाय टाकू नका, आणि तिथं शेणखताचं नाव काढू नका. का ते आधी ऐका, मग फोटो काढा.

पूर्वी म्हणे अख्ख्या सड्यावर आमरी होती. दुष्काळात गवळीवाड्यातली गुरं मेली, तशी माणसं कंद उकडून खाऊ लागली. आमरीच्या बुडाशी कंद दोन. एक सुरकुतलेला, सरत्या सालाचा. दुसरा टणक, पुढच्या सालाचा. टणक कंदानं पोट भरतं, म्हणून सगळ्यांनी तोच ओरबाडला. पुढचं साल खाऊ नका, हे ठकी गवळण सांगून थकली. म्हातारीला भूक लागत नाही वाटतं, म्हणून बायका हसल्या.

दुसऱ्या साली सडा उघडाबोडका. एवढा तुकडाच उरला. ठकीनं त्यातली काही रोपं परसात नेऊन लावली. गवळ्यांना शेणापलीकडं सोनं ठाऊक नाही. तिनं गोठ्यात उरलेलं उत्तमातलं खत हातानं कालवून घातलं. कंद कुजले. आमरीला उपाशी मातीच लागते, हे तिला तेव्हा कळलं.

त्यातच तिची सून भागू बाळंत झाली. अंगावर दूध नाही. कंदाच्या पेजेनं दूध उतरतं, म्हणून ठकीचा लेक धाकलू खुरपं घेऊन सड्यावर आला, तर आई त्या तुकड्यावर ठाण मांडून बसलेली. काढून ठेवलेले सुरकुतलेले कंद तिनं पुढं केले.

"यात काय हाय, आये? निस्ता चोथा. सरक."

"सरकत न्हाई. ह्यो तुकडा गेला तर म्होरं एकाबी बाळंतिणीला कंद मिळायचा न्हाई."

"तुझी नात मरंल."

"ठावं हाय मला," ठकी म्हणाली. "खुरपं आधी माझ्यावर चालव."

खुरपं चाललं नाही. नात मात्र गेली.

भागू सासूशी पुन्हा बोलली नाही, ठकी मरायला टेकली तेव्हासुद्धा नाही. पण ठकी गेल्यावर हे दगड तिनंच रचले, आणि वाडीला शपथ घातली, असं सांगतात.

त्या शपथेप्रमाणे आजही बाळंतिणीला पेजेत घालायला कंद हवा असला, तर तिनं स्वतः यायचं, तान्हं घेऊन. तान्हं उघड्या कातळावर ठेवायचं. सुरकुतलेला कंद पदरात, टणक परत मातीत. पोर रडून काळंनिळं झालं तरी आधी कंद पुरायचा, मगच त्याला उचलायचं.