बिबट्याच्या भिंतीवरची शिंगे

मुलांनो, डोंगराच्या उतारावर पसरलेल्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या काठी, काळ्या कातळात एक गुहा होती आणि त्या गुहेत एक बिबट्या राहत असे. अंगाने तो चपळ होता, शिकारीत तरबेज होता आणि कुणी चांगले म्हटले की मनातून फार सुखावत असे. यात वाईट काही नाही, तुम्हीआम्हीही सुखावतोच. पण बिबट्याचे पुढे काय झाले ते ऐका.

एकदा त्याने एक चितळ मारले. खाऊन झाल्यावर शिंगांसकट कवटी गुहेच्या तोंडाशी पडून राहिली. तिच्यावर मुंग्यांची रांग लागली आणि आठ-दहा दिवसांत त्यांनी ती इतकी साफ केली की उन्हात ती शंखासारखी पांढरीशुभ्र दिसू लागली. येता-जाता ती पायात येई, म्हणून बिबट्याने ती तोंडात धरून दर्शनी भिंतीतल्या एका फटीत अडकवून टाकली. समोरच्या ऐनाच्या झाडावर एक टकाचोर बसला होता. लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा हा पक्षी बिबट्याच्या शिकारीतले उरलेसुरले खाऊन राहायचा, त्यामुळे त्याची इकडे रोज एक फेरी असे.

“बिबटेराव, गुहेला काय शोभा आली हो,” टकाचोर म्हणाला. “फक्त शिंगं तिरपी बसली आहेत. डावीकडून जरा उचला.”

बिबट्याने उचलली. मागे सरून पाहिले. खरेच शोभा आली होती.

मग त्याला नादच लागला. चौशिंग्याची छोटीशी कवटी त्याने एका कंगोऱ्यावर ठेवली. रानडुकराची सुळेवाली कवटी दाराजवळ लावली. टकाचोर फांदीवरून सूचना देत राही. “खालची बाजू ओलसर आहे, तिथं हाड काळं पडेल. सकाळचं ऊन येतं तिथं लावा. आणि एकमेकांना खेटून नकोत. प्रत्येकाभोवती थोडी मोकळी जागा असली म्हणजे नजर ठरते. मधली जागा मात्र रिकामीच असू द्या. तिथं त्या मोठ्या सांबराची शिंगं हवीत.”

तो मोठा सांबर साऱ्या रानाला ठाऊक होता. बिबट्याने तीनदा त्याच्यावर झेप घेतली होती आणि तिन्ही वेळा हात हलवत परतला होता. तिसऱ्या वेळी तर सांबराने अशी लाथ हाणली होती की बिबट्या चार दिवस लंगडत होता. तोवर त्याने ते मनाला लावून घेतले नव्हते. आता मात्र भिंतीवरची ती रिकामी जागा रोज सकाळी त्याच्याकडे पाहत आहे असे त्याला वाटू लागले.

उन्हाळा आला. एके सकाळी सांबरे जिथे चिखलात लोळतात त्या लोळणीजवळून जाताना बिबट्याला दोन भलीमोठी शिंगे पडलेली दिसली. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात, हे तुम्हाला माहीत असेल. नवी येईपर्यंत तो मोठा सांबर वरच्या बांबूच्या बेटात एकटाच दडून राहायचा. बिबट्याने शिंगे ओळखली. इकडेतिकडे पाहून त्याने ती एकेक करून गुहेत आणली.

“नुसतीच शिंगं लावलीत तर लोक म्हणतील, उचलून आणली,” टकाचोर म्हणाला. “खाली कवटी हवी.”

गेल्या पावसाळ्यात म्हातारपणाने मेलेल्या एका सांबरिणीची कवटी नाल्यात पडलेली होती. टकाचोराने ती दाखवली. बिबट्याने ओढ्यातली चिकणमाती आणून कवटीवर शिंगे बसवली, जोड दिसू नये म्हणून वर शेवाळ चिकटवले आणि भिंतीच्या बरोबर मधोमध, दोन्ही टोके सारख्या उंचीवर येतील अशा बेताने, ती फटीत ठोकून बसवली.

खोटे असे तो अजून काही बोलला नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी तरस आला, बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे मारलास तू त्याला. कसा मारलास?”

बिबट्याने एकदा टकाचोराकडे पाहिले, मग शिंगांकडे. “वडाच्या फांदीवरून उडी घेतली,” तो म्हणाला.

मग कोल्हा आला, रानमांजर आले, मुंगूस आले. प्रत्येकाने तेच विचारले आणि प्रत्येक वेळी झटापट थोडी लांबली. आधी ती क्षणात संपली होती. पुढे ती उंबराच्या झाडापासून ओढ्यापर्यंत गेली. शेवटी शेवटी तर ती दुपारभर चालत असे. पाहुणे मान डोलवत. ज्या वाटेवर कोल्हा पूर्वी नुसता बाजूला व्हायचा, तिथे तो आता मान लववून उभा राहू लागला. बिबट्याला सुख वाटे. पण पाहुणे गेले की तो भिंतीकडे पाठ करून झोपे.

आणि एक गोष्ट त्याच्या उशिरा ध्यानात आली. ओढ्यावर पाण्याला येणारी चितळे येईनाशी झाली. भेकरेही फिरकेनात. बिबट्या तासन्‌तास झुडपात दबा धरून बसे आणि रिकाम्या पोटी परते. उन्हाळा कडक आहे, पाणी आटले आहे, असे तो स्वतःलाच सांगे. पाणी तर भरपूर होते. ओढ्यातले खेकडे आणि जंगलाच्या कडेच्या शेतातले उंदीर यांवर त्याचे दिवस निघू लागले, आणि पुढे पुढे तेही मिळेनात.

असाच पाच दिवसांचा उपाशी तो एका संध्याकाळी गुहेत पडला होता. उतारावरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. त्याने मान वर केली. एक सांबरीण खाली येत होती. तिचे पाडस वरच, कारवीच्या झुडपांत उभे होते. ती मात्र थांबत थांबत पुढे आली आणि गुहेपासून एका झेपेच्या अंतरावर येऊन उभी राहिली. बिबट्याचे स्नायू आपोआप आवळले गेले. मागचे पाय जमिनीत रुतले. इतकी सोपी शिकार त्याच्या आयुष्यात आली नव्हती.

सांबरीण त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती भिंतीच्या मधोमध पाहत होती.

“कळलं होतं मला,” ती म्हणाली. “पण पाहिल्याशिवाय मन मानत नव्हतं. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे. त्यांचंच आहे ते.”

आता तिने बिबट्याकडे पाहिले.

“तू मारणारा, आम्ही मरणारे. त्याबद्दल मी भांडायला आले नाही. एवढंच विचारायचं होतं, त्यांना फार वेळ लागला का? तरस सांगतो, दुपारभर चाललं होतं. तेव्हापासून मला चारा गोड लागत नाही.”

बिबट्याने ती गोष्ट वीसदा तरी सांगितली होती. सगळे पाहुणे बिबट्याविषयीच विचारायचे, तू कशी उडी मारलीस, तू त्याला कसं धरलंस. सांबराविषयी विचारणारी ही पहिलीच. वडाची फांदी, उंबर, ओढा, सगळे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते आणि त्यातला एकही बाहेर पडेना. तिला उत्तर न देता झेप घ्यावी, तर तेही जमेना. आवळलेले पाय हळूहळू सैल पडले.

“बाई,” तो म्हणाला, “तो मेलेला नाही.”

सांबरिणीचे कान ताठ झाले.

“शिंगं गळून पडली होती. लोळणीजवळून मी उचलून आणली. खालची कवटी दुसऱ्याच कुणाची आहे, नाल्यात सापडली. मध्ये माती आहे, बघ.” त्याने पंजा मारला, तसा शेवाळाचा एक पापुद्रा खाली पडला आणि आतली वाळलेली माती दिसली. “मी त्याला तीनदा गाठलं आणि तीनदा हरलो. एवढंच खरं आहे. परवाच वरच्या बांबूच्या बेटात त्याचा ताजा माग पाहिला.”

सांबरिणीने मान पुढे करून ती माती निरखली. मग एकाएकी आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आले असावे. ती एकेक पाऊल मागे सरली, योग्य अंतरावर जाऊन थांबली आणि म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस.” एवढे बोलून ती वळली आणि पाडसाला घेऊन बांबूच्या बेटाच्या दिशेने उधळत निघून गेली.

टकाचोराने हे सारे ऐकले होते, आणि त्याच्या पोटात कधी काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या रानात बातमी पसरली. कोल्हा वाटेवर भेटला आणि मान न लववता हसत पुढे गेला. तरस म्हणाला, “दुपारभर चालली होती म्हणे लढाई, मातीशी.” बिबट्याचे कान गरम झाले. दोन दिवस तो गुहेबाहेर पडला नाही. पण एक नवल त्याच्या लक्षात आले. त्या दोन्ही दिवशी त्याला गाढ झोप लागली, आणि तीही भिंतीकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी साळिंदर खुडबुडत आली. साळिंदरांना हाडे आणि शिंगे कुरतडायला फार आवडतात. त्यांचे दात त्याने मजबूत राहतात.

“ऐकलं, तुला आता ही शिंगं नकोत,” ती म्हणाली. “मला देशील का?”

“घेऊन जा, आजी,” बिबट्या म्हणाला. “सगळीच घेऊन जा.”

“सगळी?” साळिंदरीने भिंतीवरून नजर फिरवली. “बरं होईल तुझंच. ती पांढरी हाडं पलीकडच्या टेकडीवरून दिसतात रे. चितळं तिथूनच मागं फिरतात. तू झुडपात दबा धरतोस आणि मागं भिंत सगळ्यांना ओरडून सांगते, इथं बिबट्या राहतो.”

बिबट्याने वळून पलीकडच्या टेकडीकडे पाहिले. मग तो उठला आणि एकेक कवटी काढून खाली ठेवू लागला. चौशिंग्याची, डुकराची, चितळाची आणि शेवटी मधली. उपाशी पोटी त्या कामाला दुपार झाली. साळिंदर करवंदीच्या जाळीखाली बसून समाधानाने कुरतडत होती. काळा कातळ पुन्हा काळा झाला.

काही दिवसांनी चितळांचा कळप ओढ्यावर परतला. त्या सकाळी बिबट्याने कितीतरी आठवड्यांनी पोटभर खाल्ले, ओढ्यावर पाणी प्यायला आणि सावलीत पंजे चाटत बसला. ते पाहायला कुणीही नव्हते आणि त्याला कुणी हवेही नव्हते.

पुढे पावसाळा सरता सरता तो एकदा बांबूच्या बेटाकडे गेला. गवतातून सरकत तो पुढे निघाला होता, तोच सांबरिणीने त्याला पाहिले आणि खणखणीत आवाजात इशारा दिला. सारा कळप उधळला. तिने आपल्याला ओळखले, आणि आपण जसे आहोत तसेच ओळखले, हे बिबट्याला कळले. त्याला राग आला नाही. अंगावरचे गवत झटकून तो शांतपणे दुसऱ्या वाटेला लागला.

तात्पर्य : न केलेल्या पराक्रमाचा मान मिरवताना माणूस आपले खरे काम आणि मनाची शांती दोन्ही गमावतो; खरे सांगून तो खोटा मान सोडून दिला, तर दोन्ही परत मिळतात.