न वाजवलेला माठ

मडकं विकत घेताना तुम्ही सगळ्यात आधी काय करता, सांगा बरं?

बोट दुमडून ते वाजवून बघता. खणखणीत वाजलं तर पिशवीत, बद्द वाजलं तर परत कुंभारापुढे. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अच्युतराव मात्र त्या वर्षी हे विसरले.

श्रावणात नदी कुंभारवाड्यात शिरली होती. भट्ट्या ढासळल्या, वाळत ठेवलेला माल चिखल होऊन गेला. दिवाळी जवळ आली तसे अच्युतराव घरोघर फिरले. निवृत्त हेडमास्तर ते, त्यांचा शब्द गावात कोण मोडणार? "यंदाची खरेदी कुंभारवाड्यातच," ते सांगत. "आणि चिकित्सा करत बसू नका. पुरात सापडलेली माणसं आहेत."

सगळा माल संपला. मग ते एक माठ घेऊन मठात आले. दाजीबुवा त्यांचे गुरू.

"बुवा, लिंबाजी कुंभाराच्या अंगणात पणतीसुद्धा शिल्लक ठेवली नाही आम्ही."

बुवांनी माठात पाणी ओतलं.

दोघं बघत बसले... माठाच्या बुडाखाली ओल पसरली.

"वाजवून घेतला नव्हता?"

"कसा वाजवणार, बुवा? त्याचं घर गेलंय. त्यानं हा बाजूला ठेवला होता, तडकलेला म्हणून. मीच म्हटलं, असू दे, दे तोही."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. मान खाली घातली. भरून आलं असेल."

बुवा उठले. माठ उपडा करून त्यांनी काखेत घेतला.

"चला."

लिंबाजीच्या दारात वळकटी बांधलेली होती. चाक भिंतीला उलटं टेकवलेलं.

"हे काय रे?" अच्युतराव दचकले.

"उद्या सकाळी वीटभट्टीची गाडी यायची हाय, गुरुजी. जातो तिकडंच कामाला."

"अरे, सगळा माल तर विकला गेला!"

"विकला न्हाई, गुरुजी. उचलला. एकानंबी वाजवून बघितला न्हाई." लिंबाजी खाली बसून वळकटीची दोरी आवळू लागला.

बुवांनी माठ त्याच्यापुढे ठेवला आणि बोट दुमडून मारलं. बद्द.

"हा परत घे."

"बुवा!" अच्युतरावांनी त्यांचा हात धरला. "आज नको. निदान आज तरी..."

बुवांनी हात सोडवला. कोपऱ्यात लिंबाजीनं घरच्या पाण्यासाठी ठेवलेला एक माठ होता. तो त्यांनी वाजवला. कान लावला. पुन्हा वाजवला.

"हाही नको. मठात दिवाळीला गाव फराळाला येतं. असल्या माठातलं पाणी मी कुणाला देऊ?"

लिंबाजीचा चेहरा लाल झाला.

"नको म्हंजे? काय वाईट हाय त्यात?"

"आवाज."

"आवाज?" तो ताडकन उठला. "माझ्या बाचं मडकं तीन गावं ऐकून घ्यायची! पुरानं मातीत वाळू आणून घातली, तिला मी काय करू?"

"मला काय विचारतोस? कुंभार तू."

"चाळावी लागंल. दोनदा चाळावी लागंल. हे काय खेळ हाय व्हय?"

"मग राहू दे. मी शहरातून स्टीलचं पिंप आणतो."

"आणा की! मठात स्टील ठेवा! आजवर मठात आमच्या घरचाच माठ होता, म्हाईत हाय न्हवं?"

"माहीत आहे. म्हणून तर आलो होतो."

लिंबाजीनं तो तडकलेला माठ उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. खापऱ्या दोघांच्या पायांपर्यंत आल्या.

"जावा तुम्ही, बुवा. जावा!"

बुवांनी हात जोडले आणि ते निघाले.

नदीकाठी अच्युतराव थांबले.

"पुरानं काय कमी मारलं होतं त्याला? मी इतके दिवस त्याला सावरत होतो, आणि तुम्ही त्याच्या दारात जाऊन... बुवा, उद्या तो गेला तर ते तुमच्यामुळं."

बुवांनी पायात रुतलेला खापरीचा कपचा काढला. तो अंगठ्यानं चोळून बघितला. वाळू हाताला लागली.

"अच्युतराव, तो तुमच्यावर कधी असा ओरडला होता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीटभट्टीची गाडी आली, थोडा वेळ थांबली आणि गेली. लिंबाजी दारात बसून माती चाळत होता.